राजारामपुरीतला रविवारचा संशोधन वर्ग : सहा रविवारांनंतर

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध करताना मी ज्या वर्गाला गेले, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. व्हायवा (तोंडी परीक्षा) होऊ दे, मग लिहू, म्हणून थांबले होते. गेल्या आठवड्यात व्हायवा झाली. आता जसं झालं तसं लिहिते, कारण माझ्या मागून येणाऱ्या मुलामुलींचे तीन-तीन आठवडे 'फ्रेमवर्क' (अभ्यासात काय बघायचं आणि कशाचा कशाशी संबंध, हे मांडणारी चौकट) या एका शब्दापाशी अडकून जाताना मी बघितलेत.

समाजशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक कोल्हापुरात राजारामपुरीत आपल्या घराच्या माडीवर हा वर्ग घेतात. सहा रविवार, सकाळी नऊ ते बारा, बारा जणांची बॅच, फी ९०० रुपये. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही, आणि नाव कुठं लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय. एकाने दुसऱ्याला सांगायचं, असंच चालतं.

माझा विषय महापुराचा. मी कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीची सून. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही महापूर आमच्या घराने बघितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माणसं घर कधी सोडतात आणि का सोडत नाहीत, हे मला शोधायचं होतं. कॉलेजमधल्या गाइडनी विषयाला लगेच होकार दिला आणि विचारलं, "पण फ्रेमवर्क कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला विचारावं तेही कळेना.

शेवटी एका टायपिंग सेंटरमध्ये गेले. तिथं प्रबंध टाइप करून, बाइंडिंग करून देतात. "फ्रेमवर्कपण करून देतो," म्हणाले. १२०० रुपये दिले आणि दोन दिवसांनी रंगीत कागद हातात आला. चौदा चौकोन, सगळीकडून सगळीकडे बाण. घरी येऊन नीट वाचला तर खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनात लिहिलेलं, 'ग्राहक समाधान'. पुराच्या अभ्यासात. कुणाच्या तरी मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टमधून उचललेला नकाशा होता तो. म्हशीच्या दुधाचे जमवलेले पैसे होते ते, मला रडू आलं. त्याच आठवड्यात कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सरांचा पत्ता दिला.

पहिल्या रविवारी मी तो कागद सरांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. मराठीत." मी लिहिलं, 'पूरग्रस्तांच्या स्थलांतराचा समाजशास्त्रीय अभ्यास'. सर म्हणाले, हे शीर्षक झालं, प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं. त्या एका वाक्याला मला पाऊण तास लागला. लिहिलं ते असं : 'पाणी येणार हे माहीत असूनही माणसं वेळेत घर का सोडत नाहीत?' सरांनी 'वेळेत' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, "ही वेळ कुणी ठरवली?" मला काही सांगता आलं नाही. "राहू दे, ही रेघ अशीच ठेवा," म्हणाले. चौथ्या रविवारी त्या रेघेनेच माझा सगळा आराखडा बदलला.

दुसरा रविवार चौकट निवडण्याचा. सरांची पद्धत मला फार आवडली. एकच प्रश्न घ्यायचा आणि त्यावर तीन चौकटी आळीपाळीने ठेवून बघायच्या. प्रत्येकीतून काय दिसतं, काय झाकलं जातं, ते वहीत दोन रकान्यांत लिहायचं.

माझ्या प्रश्नावर आधी 'प्रेशर अँड रिलीज' ठेवून बघितली. आपत्ती अभ्यासातली ही चौकट १९९४ ची. मुळातली कारणं, त्यातून तयार होणारे दबाव, त्यातून आलेली धोक्याची परिस्थिती अशी एक बाजू, दुसऱ्या बाजूने पुरासारखं संकट, आणि मधे चिमटलेली माणसं. नदीकाठी घरं का झाली, कुणाची झाली, हे त्यातून छान दिसतं. पण रात्री दोन वाजता पाणी अंगणात आल्यावर घरात काय ठरतं, ते त्यात दिसत नाही. मग आयझेन यांची १९९१ ची 'नियोजित वर्तना'ची मांडणी. माणसाचा कल, शेजारपाजारचे काय म्हणतील, आणि आपल्या हातात किती आहे, या तीन गोष्टींवरून इरादा ठरतो असं ती सांगते. ही पुष्कळ जवळची वाटली. तिसरी रॉजर्स यांची 'प्रोटेक्शन मोटिव्हेशन थिअरी', १९७५ ची. सर तिला 'बचावाची प्रेरणा' म्हणतात. ती मूळची आरोग्याच्या क्षेत्रातली, भीती दाखवून माणसं सवय बदलतात का, या प्रश्नातून निघालेली. माणूस दोन हिशेब करतो असं ती मानते. एक धोक्याचा : किती मोठा आहे, मला गाठणार का. दुसरा उपायाचा : उपाय चालेल का, मला जमेल का, त्याची किंमत काय पडेल. 'मला जमेल का' हा भाग १९८३ मध्ये जोडला गेला. पुढे जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहरात पुराच्या तयारीसाठी ही मांडणी वापरली गेली, २००६ साली. ऱ्हाईनकाठी चालली तर पंचगंगेकाठी लावून बघायला हरकत नाही, म्हणून मी ती घेतली.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा कोल्हापुरी चपलांच्या कारागिरांवर काम करत होता. त्याने उपजीविकेची पाच भांडवलांची चौकट आणली होती : मानवी, सामाजिक, नैसर्गिक, भौतिक, आर्थिक. सरांनी त्याला एवढंच विचारलं, "२०१९ ला चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. तो या पाचांपैकी कुठल्या भांडवलात टाकणार?" तो दोन रविवार त्यावरच होता. आणि एक शिक्षिका होत्या. शाळेतल्या ॲपच्या वापरासाठी त्यांनी डेव्हिस यांचं १९८९ चं 'टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल' घेतलं होतं. उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का, त्यावरून माणूस वापरायचं ठरवतो, असं ते. सर म्हणाले, "मॅडम, ॲप वापरायचा आदेश निघालाय ना? मग ठरवायचं काय उरलं?" त्या क्षणभर गप्प झाल्या आणि वहीत काहीतरी खोडलं. दुसऱ्याच्या चौकटीची अशी चिरफाड ऐकताना आपली चौकट जास्त कळते. बारा जणांच्या बॅचचा खरा फायदा हाच.

तिसऱ्या रविवारी वर्ग नाही. त्या दिवशी आपापल्या ठिकाणी जाऊन दोन माणसांशी बोलून यायचं. प्रश्नावली न घेता, फक्त चौकट डोक्यात ठेवून. मी घरातूनच सुरुवात केली. सासूबाई गोठ्यात वैरण टाकत होत्या, तिथंच बसले.

धोका किती मोठा हे माहीत आहे का? त्यांनी पायरी दाखवली, कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीला. बंधाऱ्यावरचे फूट त्या मोजत नाहीत. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं का, एवढंच विचारतात. आपल्याला पाणी गाठणार का? "गाठणार न्हाई तर काय." बाहेर पडलं तर जीव वाचतो का? वाचतो. तुम्हाला जमतं का? जमतं. म्हणजे मॉडेलचे जवळजवळ सगळे चौकोन 'हो' म्हणत होते, तरी २०१९ ला त्या कमरेएवढ्या पाण्यातून निघाल्या होत्या. मी विचारलं, मग का थांबलात? त्यांनी तीन म्हशींकडे मान वळवली. "अगं, हिला सातवा महिना होता. हिला सोडून कुठं जायाचं?"

मी म्हटलं, ही झाली 'उपायाची किंमत'. चौकोन सापडला, काम झालं. चौथ्या रविवारी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या थांबल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?" मी लेकराला घेऊन आदल्या दिवशीच माहेरी गेले होते. "आणि मालक?" ते सासूबाईंबरोबर मागं राहिले होते, म्हशी रस्त्यावर उंच जागी नेईपर्यंत. "मग तुमचं घर बाहेर पडलं कधी?"

तिथं मला ती पेन्सिलीची रेघ आठवली. आमचं घर एकदा बाहेर पडलंच नव्हतं, ते तीनदा पडलं होतं. आधी बायका-लेकरं, मग जनावरं, मग शेवटचा माणूस. मॉडेल एका माणसाच्या डोक्यातला हिशेब मांडतं. आमच्याकडे तो हिशेब घर करतं, आणि कुणी जायचं, कुणी थांबायचं हे वाटून घेतं. मी 'वेळेत' म्हणत होते ती बोट घेऊन येणाऱ्या यंत्रणेची वेळ होती. घराच्या तीन वेळा वेगळ्या होत्या.

म्हणून मी चौकट टाकून दिली नाही, वाढवली. अभ्यासाचं एकक व्यक्तीऐवजी घर केलं. 'घर सोडणं' या एका चौकोनाचे तीन केले. जनावरं 'किमती'च्या चौकोनातून काढून वेगळी मांडली, कारण दुभती आणि गाभण जनावरं असलेल्या घराचा हिशेब मुळातून वेगळा चालतो. सैद्धान्तिक चौकट आणि संकल्पनात्मक चौकट यांतला फरक मी त्याआधी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पहिली दुसऱ्याने उभी केलेली, दुसरी आपल्या अभ्यासासाठी आपण तिच्यातून घडवलेली. तो समजला त्या दिवशी.

पाचवा रविवार मला सगळ्यात कामाला आला. सर एक तक्ता करून घेतात. डावीकडे चौकटीतला प्रत्येक चौकोन, मग आपल्या शब्दांत त्याचा अर्थ, मग त्यासाठीचा प्रश्न, मग तो प्रश्न घरात कुणाला विचारणार. ज्या चौकोनाला प्रश्न नाही, तो खोडायचा. जो प्रश्न कुठल्याच चौकोनात बसत नाही, तोही खोडायचा. बाणांचंही तसंच, प्रत्येक बाणासाठी 'का' याचं एक वाक्य तोंडी सांगता आलं पाहिजे. मी एकोणतीस प्रश्न नेले होते, सतरा घेऊन आले. 'तुम्हाला पुराची भीती वाटते का' हा प्रश्न गेला, आणि 'गेल्या पुरात जनावरं कुठल्या दिवशी, कुठं नेली' हा आला. गावात प्रश्नावली भरताना या एका प्रश्नावर माणसं अर्धा अर्धा तास बोलली.

आता जे पटलं नाही ते. सहावा रविवार आकडेवारीचा होता, तो फारच कमी पडला. पाच पायऱ्यांची मोजपट्टी कशी लावायची, कोणती चाचणी कधी, हे सगळं तासाभरात उरकलं. सरांचा हात गुणात्मक कामावर बसलेला आहे, आणि ते स्वतः तसं मान्य करतात. पण ज्यांचा लघुप्रबंध आकड्यांवर उभा आहे, त्यांनी त्यासाठी दुसरीकडे सोय बघावी. दुसरं म्हणजे वाचायला दिलेले लेख सगळे इंग्रजीत. माझ्यासारखी मराठी माध्यमातून आलेली मुलगी एका लेखावर दोन रात्री घालवते. सर वर्गात मराठीत समजावतात, पण दोन पानांचं मराठी टिपण आधी हातात मिळालं तर मुलं पहिल्या दिवसापासून बोलतील. हे मी त्यांना समक्ष सांगितलंय, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि नऊ म्हणजे नऊ. गावाकडून केएमटीने (शहर बसने) येणाऱ्याला रविवारची बस चुकली की पहिला अर्धा तास गेला, आणि झालेलं सर परत सांगत नाहीत. मी दोनदा गंगावेशीत उतरून रिक्षा केली.

फीबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की टायपिंग सेंटरचे १२०० पूर्ण वाया गेले आणि या ९०० मधला एक रुपया वाया गेला नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांनी सिनॉप्सिस (लघुप्रबंधाचा आराखडा) द्यायच्या निदान दोन महिने आधी जावं. आठवडा राहिला असताना जाऊन उपयोग नाही, सर तयार आकृती काढून देत नाहीत. जाण्याआधी आपल्या विषयातल्या एका तरी माणसाशी बोलून, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून न्यावं. माझ्यापाशी पहिल्या दिवशी तो रंगीत कागद सोडून काही नव्हतं, त्यात एक रविवार गेला.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी माझ्या आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "मूळ मॉडेलमध्ये हा जनावरांचा चौकोन नाही. कुठून आणला?" मी सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, मग त्यानंतर बोललेल्या चाळीस घरांचं. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि तीन वेळांचा तक्ता मागितला.