घरचा कोल्ड प्लंज: टब, चिलर आणि रोजचं पाणी

कोल्ड प्लंजचा, म्हणजे गार पाण्यात काही मिनिटं बसायचा टब घेतलाय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती गार होतो?" काही महिने वापरल्यावर मला हा प्रश्न दुय्यम वाटायला लागलाय. पाणी गार करणं यंत्राचं काम आहे, पुरेसं मोठं यंत्र लावलं की ते होतंच. टब वापरात राहणार की अडगळीत जाणार, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. पाणी स्वच्छ ठेवायला किती खटपट पडते, टब रिकामा कसा होतो, आणि सकाळी झोपेतून उठून आत उतरेपर्यंत मध्ये किती कामं येतात.

माझा टब हवा भरून उभा करायचा आहे. त्याच्या भिंतीत पीव्हीसीचे दोन थर असंख्य धाग्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हवा भरली की भिंत फुग्यासारखी गोल न होता फळीसारखी ताठ होते. याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. आकार उभा आहे, गुडघे दुमडून बसायचं आणि पाणी गळ्याशी येतं. वापरताना त्यात साधारण ३०० लिटर पाणी असतं.

बाकीचे पर्यायही पाहिले होते. जनावरांना पाणी पाजायची पत्र्याची गोल टाकी दणकट असते, पण पत्रा उष्णता सहज आत घेतो. लाकडी पिंप दिसायला फार सुंदर, पण लाकूड ओलं राहिलं नाही तर फटी पडतात आणि ओलं राहिलं की फटींत बुळबुळीत थर धरतो. ओतीव प्लास्टिकचा, मध्ये फोम भरलेला टब सगळ्यात व्यवहार्य वाटला. जागा कायमची असेल तर तोच घ्यावा. मला टब हलवता यायला हवा होता, म्हणून हवेचा घेतला. जुन्या चेस्ट फ्रीझरचा टब करण्याची टूम बरीच चालते, ती मी पहिल्या दिवशीच यादीतून काढली. विजेचं उपकरण पाण्याने भरून त्यात माणसाने बसायचं, आणि उतरण्याआधी प्लग काढायला रोज आठवणीने जायचं, हे मला झेपणारं नाही. वर ते जड झाकण. लहान मूल आत अडकण्याची भीती वेगळीच.

टब ठेवायचा कुठे, हे टब निवडण्याआधी ठरवा. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, त्यात माणूस बसला की पावणेचारशेच्या आसपास. उभ्या टबाचा तळ जेमतेम अर्धा चौरस मीटर असतो, म्हणजे चौरस मीटरमागे साडेसातशे किलोचा भार झाला. राहत्या घरांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपासचा वापराचा भार धरून आखतात. तो आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे टब ठेवला आणि स्लॅब कोसळला असं काही होत नाही. तरीही वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर इमारतीचा आराखडा समजणाऱ्या अभियंत्याला विचारा, आणि खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा तुळई किंवा भिंतीलगतची जागा शोधा. बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीचा विचारच करू नका. माझा टब जमिनीला टेकलेल्या फरशीवर आहे, बाजूला पाणी वाहून जायला जाळी आहे. ती जाळी किती महत्त्वाची आहे हे पहिल्यांदा टब रिकामा करताना समजतं.

पाणी किती भरायचं याची खूण पहिल्याच दिवशी करून ठेवा. ७५ किलोचा माणूस गळ्यापर्यंत बुडाला की सत्तरेक लिटर पाणी वर चढतं. आत बसायचं, दुसऱ्या कोणाला तरी पाणी गळ्यापर्यंत आणायला सांगायचं, बाहेर यायचं आणि पाणी जिथे उतरेल तिथे मार्करने रेघ मारायची. जाहिरातीतला क्षमतेचा आकडा काठोकाठचा असतो, त्याचा इथे काही उपयोग नाही.

पाणी गार करणारं यंत्र म्हणजे चिलर सुरुवातीला नव्हता, बर्फावर चालवलं. बर्फाचं गणित कागदावर मांडून पाहा, उत्साह आपोआप मापात येतो. ३०० लिटर पाणी २८ अंशांवरून १२ अंशांवर आणायचं तर सुमारे २०,००० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, आणि त्याचं पाणी १२ अंशांपर्यंत चढताना आणखी पन्नासेक. म्हणजे एका वेळेला साधारण ५० किलो बर्फ. घरच्या फ्रीझरमधले ट्रे विसरा. त्यातल्या त्यात चालतं ते म्हणजे मोठ्या डब्यांत पाणी गोठवून त्याच्या लाद्या वापरणं, तेही नळाचं पाणी मुळात पंधरा-सोळा अंशांवर येत असेल तर. ज्यांच्याकडे थंडीत नळाचं पाणीच दहा अंशांच्या खाली येतं, त्यांनी चिलरच्या नादाला न लागता नुसतं जाड झाकण घ्यावं.

चिलर निवडताना लेबलवरच्या हॉर्सपॉवरकडे पाहून काही कळत नाही. तो आकडा बहुतेक वेळा कॉम्प्रेसरचा असतो. पाण्यातून प्रत्यक्ष किती वॅट उष्णता काढतो, तो आकडा विचारा. निव्वळ १ किलोवॅट उष्णता काढणारा चिलर वरचं २८ ते १२ चं काम कागदावर साडेपाच तासांत करेल. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, कारण तेवढ्या वेळात बाहेरूनही उष्णता आत येत असते, आणि भोवतालची हवा तापलेली असली की यंत्राचा जोरही उतरतो. माझ्याकडे पहिल्यांदा गार व्हायला पूर्ण रात्र गेली. एकदा गार झाल्यावर मात्र ते तापमान टिकवायला तो अधूनमधूनच चालतो. हीटएक्स्चेंजर (पाण्यातली उष्णता काढून घेणारा भाग) टायटेनियमचा आहे ना, तेवढं पाहून घ्या. क्लोरिन असलेल्या पाण्यात तांबं टिकत नाही.

चिलर बंद खोलीत ठेवू नका. पाण्यातली सगळी उष्णता आणि वर स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही तो मागच्या बाजूने खोलीत ओकतो. माझा बाहेर, सावलीत, भिंतीपासून हातभर लांब आहे. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटइतका येतो. दिवसा जाणवत नाही, रात्री शेजाऱ्यांच्या खिडकीखाली मी तो ठेवला नसता. गाडीतून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास थांबूनच चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसू द्या.

आता झाकण. माझ्या मते या सगळ्या खरेदीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. टबासोबत आलेलं झाकण म्हणजे पातळ फोमची चकती होती, कडेने हवा खुशाल आत जायची. दमट हवेत गार पाणी उघडं राहिलं की हवेतली वाफ त्यावर जमते, आणि जमताना आपली उष्णता पाण्याला देते. एक लिटर पाणी असं जमलं तर सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता आत येते, म्हणजे ३०० लिटरचं तापमान जवळजवळ २ अंशांनी वर. यासाठीच चिलर तासन् तास घुमत राहतो. मी पाच सेंटीमीटर जाडीच्या इन्सुलेशन बोर्डाची गोल चकती कापून झाकणाखाली बसवली, कडेला रबरी पट्टी लावली. चिलर चालण्याचा वेळ लगेच डोळ्यात भरण्याइतका कमी झाला. नळ्यांनाही फोमचं आवरण घाला, नाहीतर दमट दिवसांत त्यांना घाम सुटतो आणि फरशीवर सतत थारोळं साचतं. मी ती गळती समजून सगळे जोड तपासत बसलो होतो, सगळे कोरडेठाक निघाले.

हवेच्या टबाची एक खोड सांगायला हवी. तीसेक अंशांच्या हवेने घट्ट फुगवलेला टब पाणी गार झालं की मऊ पडतो. भोक पडलेलं नसतं, आतली हवा आकसलेली असते. पाणी गार झाल्यावर पुन्हा एकदा पंप मारायचा. उलट टब रिकामा करून उन्हात ठेवायचा असेल तर आधी हवा कमी करा, नाहीतर शिवणीवर ताण येतो. आतापर्यंत माझ्या शिवणी शाबूत आहेत. पाणी सोडायच्या व्हॉल्व्हबद्दल मात्र तक्रार आहे. तो तळापासून दोन-तीन बोटं वर बसवलाय, त्यामुळे शेवटचं पाणी मगाने आणि फडक्याने काढावं लागतं. तीनशे लिटरचा टब बनवणाऱ्याला हे सुचू नये?

पाण्याची निगा हा खरा रोजचा विषय. पाणी गार आहे म्हणजे त्यात काही वाढत नाही, हा गैरसमज आहे. वाढ मंदावते, थांबत नाही. घाम, तेल, मृत त्वचा, केस हे सगळं तिथेच राहतं आणि नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकट थर धरतो. म्हणून घरात एकच कडक नियम केलाय: आधी साबणाने अंघोळ, मग टब. तेल, क्रीम लावून कोणी उतरायचं नाही. फिल्टर २० मायक्रॉनचा आहे, मी एकटा टब वापरायचो तेव्हा तो दर दोन-चार दिवसांनी नळाखाली धुवायचो. तो तुंबला की प्रवाह कमी होतो आणि चिलर एरर दाखवून बंद पडतो. मेकॅनिकला फोन लावण्याआधी फिल्टर काढून पाहा.

जंतुनाशक म्हणून मी कमी मात्रेत क्लोरिन वापरतो, १ ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवतो. तपासायच्या पट्ट्या मिळतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, त्याला वास नाही. पण दोन्हीपैकी एकच निवडा, ती एकमेकांना निकामी करतात. क्लोरिनच्या वेगवेगळ्या प्रकारच्या पावडरी तर एका डब्यात चुकूनही मिसळू नका, त्यांचा स्फोट होऊ शकतो. चिलरमध्ये जंतू मारणाऱ्या ओझोन वायूची सोय असेल तर झाकण उघडल्यावर लगेच वाकून श्वास घेऊ नका. तो वायू झाकणाखाली साचतो आणि छातीला त्रास देतो. बाहेरगावी जायचं असेल तर चिलर बंद करून पाणी तसंच ठेवण्यापेक्षा टब रिकामा केलेला बरा. लिजिओनेला हा जीवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, आणि बंद टबातलं पाणी दोन-तीन दिवसांत नेमकं तिथेच पोचतं.

विजेबाबत थोडक्यात: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेलाच पॉइंट, तो टबापासून हाताला न लागण्याइतका लांब, आणि जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड नाही. केबल प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जात नाही. घरात लहान मुलं असतील तर झाकणाला कुलूप लावा.

शरीराचं काय, हेही लोक विचारतात. मी १२-१३ अंशांवर स्थिरावलोय, दोन-तीन मिनिटं बसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात धाप लागते, श्वास आपल्या हातात राहत नाही. याला कोल्ड शॉक म्हणतात आणि सवयीने तो बराच बोथट होतो. चेहरा आणि डोकं मी बुडवत नाही. धाप लागलेली असताना चेहरा पाण्यात गेला की हृदयाला एकाच वेळी वेग वाढवण्याचे आणि कमी करण्याचे असे उलटसुलट संदेश मिळतात, त्यातून ठोक्यांची लय बिघडू शकते. हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण, थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टब मागवूच नका. एकट्याने घरात कोणी नसताना उतरणं मी टाळतो. पंप चालू असेल तर तेच १२ अंश बरेच जास्त बोचतात, कारण त्वचेलगत तयार होणारा किंचित कोमट थर वाहून जातो. नवख्यांनी पंप बंद ठेवून सुरुवात करावी.

फायद्यांच्या आकड्यांकडे मी जरा संशयाने पाहतो. डोपामाइन (उत्साहाशी जोडलं जाणारं शरीरातलं रसायन) अडीचशे टक्क्यांनी वाढतं हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातलं आहे आणि त्यात माणसं १४ अंशांच्या पाण्यात तब्बल एक तास बसली होती. दोन मिनिटांच्या डुबकीला तो आकडा चिकटवणं बरोबर नाही. बाहेर आल्यावर मला तरतरी येते, ती दुपारपर्यंत टिकते, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो. व्यायामानंतरचं अंग दुखणं थोडं कमी होतं. पण २०१५ मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजीत आलेल्या अभ्यासात, वजनाच्या व्यायामानंतर दहा मिनिटं गार पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ बारा आठवड्यांत कमी झालेली दिसली. म्हणून मी वजनं उचलतो त्या दिवशी सकाळीच टब उरकतो, व्यायाम संध्याकाळी.

बाहेर पडताना सांभाळा. पाय बधिर असतात, काठ कमरेएवढा उंच आणि फरशी ओली. आत-बाहेर दोन्हीकडे पायरी आणि खाली न घसरणारी मॅट या दोन गोष्टी टबासोबतच मागवा.

आता घरात तिघं जण वापरतात. एकामागोमाग एक उतरलो तर पाणी तापेल असं वाटायचं, तसं होत नाही. तीन मिनिटांत एका माणसाकडून ३०० लिटरला मिळणारी उष्णता इतकी कमी असते की तापमान अर्धा अंशही चढत नाही. मळ मात्र तिप्पट होतो. फिल्टर जवळजवळ रोज धुवावा लागतो, आणि पाणी मी पूर्वीपेक्षा निम्म्या अंतराने बदलतो. तेव्हा एकाहून जास्त जण वापरणार असाल तर मोठ्या चिलरऐवजी मोठ्या फिल्टरवर खर्च करा.