हार्टचा एमआरआय की सीटी अँजिओ? घरात दोन्ही झालंय म्हणून लिहितोय

बेळगावकडच्या खानापूरच्या आमच्या तात्यांचा हार्टचा एमआरआय झाला आणि निपाणीच्या मामींची सीटी अँजिओ, तेव्हापासनं कोण ना कोण फोन करून विचारतंय, यातलं कुठलं करून घेऊ? अहो, लहान टेस्ट मोठी टेस्ट असं काही नसतंय, डॉक्टरांना काय बघायचंय त्यावर आहे सगळं. हार्टच्या रक्ताच्या नळीत ब्लॉकेज आहे काय ते बघायचं तर सीटी. हार्टचा मसल कसा आहे, सूज आहे काय, जुना डाग कुठं आहे, पंपिंग नेमकं किती हे बघायचं तर एमआरआय. मामींना जिना चढताना छातीत भरून यायचं, म्हणून सीटी सांगितली. तात्यांच्या नळ्या अँजिओग्राफीत साफ निघाल्या पण इकोत (म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग 35 टक्केच, मग कारण शोधायला एमआरआय. इको मात्र दोघांचीही आधी झालेली, ती स्वस्तातली आहे, ती सोडून डायरेक्ट पुढं पळू नका.

मामींचं स्कॅनिंग कधी झालं कळलंच नाही, सगळा वेळ गेला तो पल्स खाली यायची वाट बघण्यात. ठोके साधारण साठ-पासष्टच्या आत लागतात म्हणून गोळी देतात, जिभेखाली स्प्रे मारतात, मग आयोडीनचं औषध शिरेतनं. ते गेलं की अंगभर गरम लाट येते, मामी म्हणाल्या मला तर वाटलं लुगड्यातच झाली की काय. तसं बऱ्याच जणांना वाटतंय, घाबरायचं नाही.

तात्या मात्र तासभर आत. छातीचे थोडे केस काढून ईसीजीचे स्टिकर, त्यावर जड पट्ट्यासारखी कॉइल, हातात सुई, कानात बोळे आणि वरनं हेडफोन, घाबरलं तर दाबायला हातात रबरी फुगा. आवाज म्हणजे शेजारच्या रानात बोअर मारालेत असा, थांबतोय, परत सुरू. पण खरी कसोटी श्वासाची. दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा, सोडायचा, असं कितीतरी वेळा, आणि बहुतेक वेळा श्वास सोडून मग थांबायला सांगतात. तात्या आपले विहिरीत बुडी मारायच्या आधी घेतात तसा छाती भरून घ्यायलेत! त्यात हेडफोनमधनं सूचना कन्नडमधनं, "उसिरु बिडीरी, हिडीरी", म्हणजे श्वास सोडा, धरा. तात्यांचं कन्नड बाजारापुरतं, त्या खडखडाटात बिडी कुठलं आणि हिडी कुठलं काय कळणार, सुरुवातीचे फोटो सगळे परत काढावे लागले. नंतर मशीनवरच्या पोरानं मराठीत सांगितलं तेव्हा गाडी रुळावर आली. आधीच सांगायचं की, मराठीत बोला म्हणून, कोण रागावत नाही. आणि घरात दोन दिवस श्वास सोडून थांबायची प्रॅक्टिस करून घ्या.

धातूचं एमआरआयला फार कडक. तात्यांचा चांदीचा करदोडा लग्नापासनं कधी निघालेला नव्हता, तो शेवटी कापला. बायकांनी जोडवी आदल्या दिवशीच साबण लावून काढून ठेवावीत. सीटीला छातीच्या आसपासचं काढलं की भागतंय. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत पाय ठेवू नका, काही पेसमेकर चालतात, काही नाही. स्टेंट असेल तर बहुतेक अडचण नसते, तरी सांगायचंच.

रेडिएशन सीटीत आहे, एमआरआयत नाही. औषध दोन्हीकडं टोचतात, एमआरआयला गॅडोलिनियम, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट जवळ ठेवा, किडनीचा त्रास असेल तर नक्कीच. स्ट्रेस एमआरआय (औषधानं हार्टवर ताण देऊन करतात तो) सांगितला असेल तर चोवीस तास आधीपासनं चहा-कॉफी बंद, आमच्याकडं हेच सगळ्यात अवघड. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी बोला, हलकं झोपेचं औषध देतात, पण मग श्वास धरायचं कितपत जमेल तेही विचारा.

निघायच्या आधी एक फोन करा, तुम्ही हार्टचा एमआरआय करता काय म्हणून. मशीन असलेले सगळेच तो करत नाहीत, मणक्याचा करणारे भरपूर. खर्च एमआरआयला सहसा जास्त पडतो. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, खानापूरवाल्यांना बेळगाव. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, पण नुसत्या स्कॅनिंगला ती लागते काय ते काउंटरवर विचारूनच पैसे भरा.

रिपोर्टच्या कागदाबरोबर स्कॅनच्या फोटोंची सीडी मागून घ्या. आम्ही विसरलो, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.