गावाच्या नावातून लांब इंग्रजी शब्द: वनलुकच्या शोधचौकटीचं परीक्षण

शहाद्यापासून चोपड्यापर्यंत स्पेलिंग स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना ठरावीक अक्षरं असलेले लांब इंग्रजी शब्द सतत लागतात. वनलुक ही वेबसाइट ते फुकटात शोधून देते, आणि वर्गात वापरायला आम्हाला तीच सर्वांत सोयीची वाटते. अडचण एवढीच की बहुतेक जण तिच्यातलं स्टारचं चिन्ह तेवढं वापरतात आणि दोन तिरप्या रेघांचं (//) खरं कामाचं चिन्ह तसंच राहतं.

स्टार (*) म्हणजे कितीही अक्षरं, अगदी एकही नसलं तरी चालतं. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमकं एक अक्षर. रावेरची आर, ए, व्ही, ई, आर ही पाच अक्षरं दोन स्टारांच्या मध्ये टाकली की ती सलग असलेले शब्द येतात: ब्रेव्हर, एन्ग्रेव्हर, ट्रॅव्हर्स, एक्स्ट्राव्हर्शन. फक्त लांब शब्द हवे असतील तर आधी बारा प्रश्नचिन्हं आणि एक स्टार लिहावा, मग स्वल्पविराम देऊन रावेरचा साचा, म्हणजे स्टार आणि अक्षरांची वरची मांडणी. स्वल्पविरामामुळे दोन्ही अटी एकदम लागू होतात, म्हणून आठ अक्षरी ट्रॅव्हर्स गळतो आणि बारा अक्षरी एक्स्ट्राव्हर्शन राहतो.

अक्षरं सलग नकोत, पण क्रमाने हवीत? मग प्रत्येक अक्षराच्या आजूबाजूला स्टार घालावा. धुळ्याची डी, एच, यू, एल, ई अशी मांडली की चौदा अक्षरी डिलाइटफुलनेस सापडतो. शेड्यूलमध्येही ही पाचही अक्षरं आहेत, पण एच हा डीच्या आधी येत असल्याने तो या साच्यात बसत नाही. मुलांना शिकवायला मात्र शेड्यूलच जास्त मोलाचा. शेवटी नेस लावून जवळपास कुठलंही विशेषण लांबवता येतं, त्यात नवं स्पेलिंग काहीच शिकायला मिळत नाही.

क्रमाची अट काढायची म्हणून काही जण प्रत्येक अक्षराचा वेगळा साचा करून ते स्वल्पविरामाने जोडतात. इथेच गफलत होते. जळगावच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए दोनदा आहे, पण एचा साचा दोनदा लिहिला तरी वेबसाइट एकच ए दोन्हीकडे मोजते, आणि एकच ए असलेला जर्नलिंग यादीत घुसतो. दोन ए एकाच साच्यात, स्टारांनी वेगळे करून लिहिले तर हे टळतं.

त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे दोन तिरप्या रेघा (//). रेघांनंतर अक्षरं कोणत्याही क्रमाने लिहायची आणि जितकी जास्तीची अक्षरं चालतील तितकी प्रश्नचिन्हं पुढे जोडायची. दुबार अक्षरं बरोबर मोजली जातात. जळगावची सात अक्षरं आणि सहा प्रश्नचिन्हं दिली की तेरा अक्षरी कॉन्जुगेशनल बसतो. एरंडोलच्या सात अक्षरांना एकच प्रश्नचिन्ह पुरतं: ओलिअँडर म्हणजे कण्हेर आणि कोलँडर म्हणजे स्वयंपाकघरातली चाळणी, दोन्ही आठ अक्षरी. अमळनेर तर या खेळासाठी सोन्याची खाण आहे. तीन प्रश्नचिन्हांना सॅलमँडर आणि ऑर्नामेंटल, पाचला अल्फान्युमेरिक, सहाला टेम्परामेंटल. गैरसोय एकच, प्रत्येक लांबीसाठी वेगळा शोध घ्यावा लागतो.

साच्याच्या शेवटी वजाचिन्ह आणि नको ती अक्षरं लिहिता येतात. एस वगळला की बरीच अनेकवचनं आणि नेसवाले शब्द एका फटक्यात जातात, पण त्यांच्याबरोबर सॅलमँडरही जातो. म्हणून आधी पूर्ण यादी पाहावी, वजा नंतर करावं.

वनलुक अनेक शब्दकोशांतून शब्द गोळा करते, त्यामुळे विशेषनामं, शास्त्रीय नावं आणि दोन-तीन शब्दांचे वाक्प्रचारही येतात. चोपड्याच्या अक्षरांना सेफॅलोपोडा मिळतो, तो ऑक्टोपसच्या वर्गाचं शास्त्रीय नाव आहे, स्क्रॅबलच्या पटावर चालायचा नाही. प्रत्येक शब्दावर क्लिक करून अर्थ वाचल्याशिवाय तो फळ्यावर लिहू नये. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर हे साचे चालत नाहीत, अक्षरं इंग्रजीतच टाकावी लागतात. स्वल्पविरामानंतर कीबोर्डने आपोआप जागा सोडली असेल तर तीही पुसावी.

सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे रेंज मिळत नाही तिथे वनलुकचा उपयोग नाही. तिथल्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर ईनेबल ही सर्वांसाठी खुली असलेली, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्दांची यादी उतरवून ठेवावी आणि फाइलमधून साच्यात बसणाऱ्या ओळी काढून देणाऱ्या ग्रेप कमांडने शोधावं. ग्रेपमध्ये वनलुकच्या स्टारच्या जागी टिंब आणि स्टार (.*) असं मिळून लिहायचं असतं. नुसता स्टार आधीच्या अक्षराला लागतो आणि भलतेच शब्द येतात. बारा अक्षरी शब्द मागितल्यावर अकरा अक्षरी आले, किंवा आयएनजीने संपणारा एकही शब्द सापडला नाही, तर फाइल विंडोजवर तयार झालेली आहे असं समजावं. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह असतं आणि ग्रेप तेही मोजतो. ते चिन्ह काढून टाकणाऱ्या डॉसटूयुनिक्स कमांडने फाइल एकदा साफ केली की लांबी बरोबर येते.