एफआर-४ वरचा गोल यूडब्ल्यूबी अँटेना: आठ महिने वापरल्यावर

यूडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड, खूप रुंद पट्ट्यावर चालणारा रेडिओ. त्याच्या डीडब्ल्यू१००० चिपच्या अंतरमापक अँकरवर (एका जागी बसवलेल्या उपकरणावर) आठ महिने हाच अँटेना आहे. १.६ मिमी जाडीचा एफआर-४ बोर्ड (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा सर्किट बोर्ड), आकार ४२ × ५० मिमी. पुढे १० मिमी त्रिज्येची तांब्याची चकती आणि तिला भिडणारा ३ मिमी रुंद, ५० ओहमचा ट्रॅक. मागे ग्राउंड (शून्य पातळीचं तांबं) फक्त ट्रॅकखाली, चकतीमागे तांबं अजिबात नाही.

३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा पट्टा मिळतो तो चकतीच्या गोल कडेमुळे. सर्वांत खालचा अनुनाद (रेझोनन्स) चकतीच्या उंचीवर ठरतो, इथे साधारण २.८ गिगाहर्ट्झला. वरचे अनुनाद एकमेकांत मिसळत जातात. ते नीट मिसळायचे तर चकती आणि ग्राउंडची वरची कड यांच्यातली फट ०.३ मिमीच हवी. घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड काढला की कड खाल्ली जाते, फट अर्ध्या मिमीवर जाते आणि मधल्या पट्ट्यात रिटर्न लॉस (अँटेनाकडून परत येणारा सिग्नल किती कमी, आकडा जितका मोठा तितकं चांगलं) १० डीबीच्या खाली घसरतो. पीसीबी कारखान्यातूनच करून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो केबलने. ग्राउंड इतकं छोटं की प्रवाह एसएमए कनेक्टरवरून केबलच्या बाहेरच्या आवरणावर उतरतो. व्हीएनएवर (अँटेनाचा प्रतिसाद मोजणाऱ्या उपकरणावर) आलेख सुंदर दिसतो, पण केबलला बोट लावलं की खालच्या टोकाला हलतो. म्हणजे तुम्ही अँटेना नाही, केबल मोजताय! मोजताना हात लांब ठेवा, आणि केबल शक्य तेवढी आखूड.

बसवण्यातली चूक तर हमखास होते. चॅनेल ५ (६.५ गिगाहर्ट्झ) वापरत असाल तर धातूच्या कपाटापासून बरोबर २३ मिमीवर अँटेना लावू नका. ती अर्धी तरंगलांबी. परत आलेली लहर समोरच्या दिशेला मूळ लहरीला खोडून काढते. ११-१२ मिमीवर तीच लहर मदतीला येते. प्लास्टिकची डबी चकतीला टेकली तरी अनुनाद खाली सरकतात, मध्ये ८-१० मिमी जागा सोडा.

८ गिगाहर्ट्झच्या वर मात्र फार अपेक्षा नको. एफआर-४ सिग्नल खातो, शिवाय प्रसारण सगळीकडे सारखं न राहता फाटे फुटतात. चॅनेल २ आणि ५ साठी तक्रार नाही.

अँटेना किंवा केबल बदलली की अँटेना डिले (चिप आणि अँटेना यांच्यामध्ये सिग्नलला लागणारा वेळ) पुन्हा कॅलिब्रेट करा, मोजून घेतलेल्या ७-८ मीटरवर, समोर अडथळा नसताना. १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे थेट ३० सेंमीचा फरक.