व्हेप: विक्रीवर बंदी की नियमांखाली विक्री?

या वादात बाजू ठरवायची असेल तर आधी नियमांखाली विक्री मागणाऱ्यांचं ऐका. त्यांची बाजू कच्ची नाही. व्हेप म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट. तिच्यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या मानाने अपाय बराच कमी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते, तर निकोटिनचं च्युइंग गम, त्वचेवर चिकटवायचे पॅच वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के.

तरी माझा कौल बंदीकडे गेला, तो एका कटकटीमुळे. सिगारेट सोडताना मी व्हेप आणि निकोटिन गम दोन्ही वापरलं. सिगारेट संपते. थोटूक विझवलं की पुढचीसाठी उठावं लागतं, बाहेर जावं लागतं. व्हेपला तो थांबाच नाही. टेबलावर पडलेलं असतं. दोन झुरके, खाली ठेवलं, मेल लिहितालिहिता पुन्हा हातात. वास येत नाही म्हणून कुणी टोकतही नाही, आणि दिवसाकाठी किती ओढलं याचा हिशेब लागत नाही. गम मात्र चावून गालात दाबून ठेवायचं, घशाला झोंबतं. कदाचित म्हणूनच ते लवकर सुटलं. माझ्या एकट्याच्या अनुभवावर जाऊ नका, पण त्याच चाचणीत सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेप गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात गम-पॅच चालू ठेवणारे ९ टक्केच.

मुरलेल्या सिगारेटवाल्याला हा सौदा परवडेलही. पण ज्या पोराने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याच्या हातात आंब्याच्या स्वादाचं हे यंत्र पडलं तर त्याचं सुटणार काय? विक्री चालू ठेवणाऱ्या ब्रिटनलाही १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घालावी लागली.

बंदीतली खोट मलाही बोचते. भारतात २०१९ च्या कायद्याने व्हेपचं उत्पादन, आयात, विक्री सगळं गुन्हा ठरलं, सिगारेट मात्र राजरोस मिळते. शिवाय चोरून येणाऱ्या मालात निकोटिन किती, हे तपासणार कोण? गम-पॅचने ज्यांचं सुटलंच नाही, त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हेप मिळावं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. दुकानात खुलं विकायला मात्र माझा विरोध आहे, आणि गम स्वस्तात मिळावं हा आग्रह बंदी मागणाऱ्या आपणच धरायला हवा.