नार्निया वाचा, पण कपाटापासून सुरुवात करा
नार्निया म्हणजे सी. एस. लुईसची मुलांसाठीची सात अद्भुतकथांची पुस्तकं, १९५० ते १९५६. मी चौथ्यांदा संपवली, या वेळी भाचीला रात्री मोठ्याने वाचून दाखवत. हल्लीच्या संचात 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं असतं, कारण कथेचा काळ आधीचा. मला अजिबात पटत नाही! ते आलं १९५५ साली, सहावं. आधी सर्वांत पहिलं आलेलं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' घ्यायचं, छोट्या ल्यूसीबरोबर कपाटातल्या कोटांच्या गर्दीतून नार्नियाच्या बर्फात पाऊल टाकायचं, जंगलात एकटाच पेटलेला दिव्याचा खांब बघून चक्रावायचं. तो तिथे कसा उगवला, हे नंतर कळण्यातच तर गंमत आहे. अस्लान हा सिंह दगडी मेजावर बळी जायला गेला तेव्हा भाची रडली. पुस्तक मिटू देईना. शेवटच्या भागात ल्यूसीच्या बहिणीवर, सुझनवर मात्र अन्याय झालाय, माझा राग अजून गेलेला नाही.