पन्हाळा गाडीतून बघू नका, एक रात्र राहा

कोल्हापूरला आलेले बरेच जण अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, तांबडा-पांढरा झाला की "चला आता पन्हाळा पण करून टाकू" म्हणत वर येतात. दोन तासात पाच पॉइंट, गाडीतून उतरायचं फोटो काढायचा परत बसायचं, आणि घरी जाऊन सांगतात की ठीक आहे, विशेष काय नाही. हा रिव्ह्यू खास त्यांच्यासाठी.

एक तर पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, गडावर अख्खं गाव नांदतंय. नगरपरिषद, शाळा, बाजार सगळं वरच, ताराराणींच्या वाड्यात आज पोरं शिकतात. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा हा गड, मग आदिलशाही आली, मग मराठे, आणि 1782 पर्यंत कोल्हापूरच्या गादीची राजधानी इथेच. कवी मोरोपंत जन्मले ते पण पन्हाळ्यावरच, त्यांच्या नावाची लायब्ररी गावात आहे. इतक्या पिढ्या इथे चूल पेटतीय आणि अजून पेटतीय, मला पन्हाळ्याचं सगळ्यात मोठं कौतुक ह्याचंच आहे.

आता बघायचं काय. तीन दरवाजाला सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. एकामागोमाग कमानी, मधे चौक, फारसी शिलालेख, आणि मान वर करून नीट बघितलं तर गणपती पण कोरलेला दिसतो, बहुतेक लोक त्याच्या खालून सेल्फी काढत निघून जातात. तिथून अंधारबाव अगदी जवळ. बाहेरून साधी काळ्या दगडाची इमारत वाटते पण आत तीन मजले, सगळ्यात खाली विहीर आणि मधल्या मजल्यावरून थेट तटाबाहेर निघायची वाट. वेढा पडला तरी पाणी आपल्या ताब्यात पाहिजे, शत्रूनं त्यात विष कालवू नये, म्हणून विहिरीवरच इमारत उभी केली! पायऱ्या ओल्या असतात, चप्पल चांगली घाला आणि मोबाईलचा टॉर्च लावून सावकाश उतरा.

अंबरखाना तर माझा सगळ्यात आवडता. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्याची कोठारं. गंगा कोठीत आत उभं राहिलं की बाहेर कितीपण ऊन असू दे अंग गार पडतं, आणि वर छताला भोकं दिसतात, त्यातून धान्य आत ओतायचे. बाहेरून जिना आहे, वर चढून ती भोकं बघा मग सगळं लक्षात येतं. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोनमहिने चालला, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून मारा केला, तरी गड लढून घेता आला नाही, ते ह्या कोठारांच्या जिवावर हे इथे उभं राहून पटतं. मग संध्याकाळी पुसाटी बुरुजावर जा, समोर मसाई पठार पसरलेलं दिसतं. वेढ्यातून निसटताना जुलैच्या भर पावसात शिवाजी महाराज राजदिंडी ह्या आडवाटेच्या दरवाजातून उतरले ते त्याच बाजूने विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभूंचा पुतळा सगळे बघतात, शिवा काशीदांच्या पुतळ्यापाशी पण थांबा, महाराजांचं सोंग घेऊन मरणाच्या पालखीत बसलेला माणूस आहे तो.

खायला झुणका-भाकरी आणि खर्डा. मावशी समोर चुलीवर भाकरी थापून देतात, वर कच्चा कांदा आणि दही, ह्याच्यापुढे हॉटेलातला पंजाबी मेन्यू बघू पण नका. राहायला लॉज, रिसॉर्ट भरपूर आहेत, पण आम्ही उतरलो तिथे गरम पाणी सकाळी अर्धा तासच यायचं आणि रूमला दमट वास होता, त्यामुळे पैसे द्यायच्या आधी रूम बघून घ्या.

न आवडलेलं पण सांगतो. रविवारी पार्किंगचा नुसता गोंधळ असतो, आणि भिंतीवर नावं कोरणारे लोक बघून फार वाईट वाटतं. जुलै 2025 ला युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांमध्ये पन्हाळा आहे, आणि आपण त्याच्याच दगडावर बदाम काढतोय. कचऱ्याचे डबे आणि नीट माहिती देणारे फलक अजून पाहिजेत. आणि गड जपायचे नियम करताना गावातल्या लोकांच्या घरादाराचा आधी विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण ती माणसं खाली गेली तर वर नुसत्या भिंती राहतील.

माझ्याकडून 5 पैकी साडेचार. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, एसटी मिळते, वर चढताना नाक्यावर कर भरावा लागतो. पावसाळ्यात येणार असाल तर रस्ता चालू आहे का ते आधी विचारून घ्या, 2021 ला मुख्य रस्ताच खचला होता. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर उत्तम, आणि येताना जोतिबा वाटेतच आहे, तो चुकवू नका.